नऊ, दहा की पाच? हवाई वीरावरच्या माहितीपटात आकडा कसा तपासायचा

पुण्यातल्या एका तरुण दिग्दर्शकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून लढलेले भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांच्यावर ४० मिनिटांचा मराठी माहितीपट करतोय. त्यांनी ९ विमानं पाडली असं एकीकडे लिहिलंय, दुसरीकडे १०, आणि एका ठिकाणी चक्क ५. पडद्यावर कोणता आकडा लिहू? त्यांच्या उड्डाणांचं चित्रीकरण मिळत नाही, तर पहिल्या महायुद्धातली दुसरी दृश्यं चालतील का? शेवटची दहा मिनिटं १९६५ आणि १९७१ वर आहेत. तिथे काय सांभाळावं?"

तुमचा खरा प्रश्न आकड्याचा नाही, असं मला वाटतं. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि अडचण तिथेच आहे. एखाद्याने 'किती विमानं पाडली' हा आकडा कोणाच्या तरी हिशेबाच्या पद्धतीतून आलेला असतो. ती पद्धत न सांगता नुसता आकडा लिहिला की प्रेक्षकाला वाटतं, तितकी विमानं जमिनीवर पडलेली कुणीतरी मोजली होती. तसं क्वचितच घडत असे.

आधी ५ चा आकडा. १९१८ मध्ये ब्रिटिशांच्या नोंदीत दोन खाती होती. 'नष्ट' म्हणजे विमान पेटलं, हवेत मोडलं किंवा आपटलेलं दिसलं. 'ताबा सुटलेलं' म्हणजे विमान गिरक्या घेत खाली गेलं, पण शेवट दिसला नाही. रॉय यांच्या नावावरच्या १० विजयांपैकी ५ पहिल्या खात्यात आहेत, ५ दुसऱ्या. दोन्ही खात्यांत एकेक विजय सहकाऱ्यांबरोबर वाटून घेतलेला आहे. ज्याने ५ लिहिलं त्याने फक्त 'नष्ट' मोजलं.

दुसरं खातं मुळात का होतं, हे समजून घेतल्याशिवाय त्याला कमी लेखू नका. पश्चिम आघाडीवर ब्रिटिश वैमानिक बहुतेक वेळा जर्मन बाजूच्या आकाशात जाऊन लढत. पाडलेलं विमान शत्रूच्या हद्दीत पडे, अवशेष तपासायला जाणार कोण? जर्मनांना ती सोय होती, म्हणून त्यांची पद्धत जास्त कडक राहू शकली: साक्षीदार किंवा अवशेष हवेत, आणि एका विमानाचं श्रेय एकाच वैमानिकाला. उलट बाजूने हेही खरं की मुद्दाम गिरकी घेऊन खाली सुटणं ही जीव वाचवण्याची नेहमीची युक्ती होती. त्यामुळे 'ताबा सुटलेल्या' विमानांपैकी बरीच तळावर सुखरूप परतत. म्हणूनच रॉय यांचे १० आणि जर्मन वैमानिक रिश्टहोफेनचे ८० एकाच तक्त्यात शेजारी मांडू नका. दोन वेगळ्या मापांनी मोजलेलं धान्य आहे ते.

आता ९ की १०. इथे तारखा लावून बघा. ६ जुलै १९१८ ला एक, ८ जुलैला तीन, १३ ला दोन, १५ ला दोन, १८ ला एक आणि १९ जुलैला एक, असे १० होतात. त्यांना मरणोत्तर मिळालेल्या डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस या शौर्यपदकाचं गौरवपत्र २१ सप्टेंबर १९१८ च्या लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश राजपत्रात आलं. त्यात १३ दिवसांत ९ विमानं असं म्हटलंय. ६ ते १८ जुलै या तारखा मोजा: बरोबर १३ दिवस, आणि तोपर्यंतचे विजय बरोबर ९. माझा निष्कर्ष असा की शिफारशीचा मजकूर १९ तारखेचा विजय जमेस धरण्यापूर्वीच्या हिशेबावर बेतलेला असावा. हा निष्कर्ष आहे, कागदावर लिहिलेली गोष्ट नाही. चित्रपटातही तो निष्कर्ष म्हणूनच सांगा. पण यातून एक प्रचलित वाक्य सैल असल्याचं कळतं. '१३ दिवसांत १० विमानं' हे वाक्य सगळीकडे फिरतं. त्यात गौरवपत्रातले दिवस आणि नंतरच्या यादीतला आकडा एकत्र शिवलेत. ६ ते १९ जुलै या तारखा मोजल्या तर १४ भरतात.

पडद्यावर मी असं लिहीन: 'श्रेयाची नोंद: १० (नष्ट ५, ताबा सुटलेली ५)'. पाच सेकंद पुरतात. निवेदनात ९ चा उल्लेख गौरवपत्र दाखवतानाच येऊ द्या.

पुढची पायरी शत्रूच्या नुकसानीशी ताळा. काय करता येईल हे इथे परिस्थितीवर अवलंबून आहे, कारण समोरचे कागद शिल्लक हवेत. एप्रिल १९४५ मध्ये पॉट्सडॅमवर बॉम्बफेक झाली तेव्हा प्रशिया या जर्मन राज्याच्या लष्करी दफ्तराचा फार मोठा भाग जळाला. बव्हेरिया या दुसऱ्या जर्मन राज्याचं दफ्तर म्युनिकला होतं, ते बरंचसं वाचलं. शिवाय जर्मन याद्यांत प्रामुख्याने मेलेली, जखमी झालेली, पकडलेली माणसं नोंदलेली असतात. विमानाचा चुराडा झाला पण दोघे चालत बाहेर आले, तर त्या यादीत काहीच सापडणार नाही. म्हणून 'जर्मन नोंदीत नुकसान नाही' यावरून 'दावा खोटा' असं म्हणता येत नाही. 'जुळणी सापडत नाही' एवढंच म्हणता येतं.

ताळा करताना सगळ्यात जास्त घोटाळा घड्याळाचा होतो. जुलै १९१८ मध्ये जर्मन घड्याळ ब्रिटिश घड्याळाच्या एक तास पुढे होतं. ते विसरलात तर खरी जुळणी हातातून सुटते आणि भलतीच जुळते. हाच सापळा आपल्याकडे आहे: १९६५ मध्ये पश्चिम पाकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, आणि १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानचं अर्धा तास पुढे. टिपणवहीत वेळेचे दोन रकाने ठेवाच.

दावे फुगतात ते खोटेपणामुळे, असं समजू नका. झटापट काही सेकंदांची असते. दोन वैमानिक एकाच विमानावर गोळ्या झाडतात आणि दोघांनाही ते आपलंच वाटतं. पूर्ण ताकदीने सूर मारणाऱ्या इंजिनातून काळा धूर निघतो, तो आगीचा वाटतो. विमान ढगात शिरलं की उरलेली गोष्ट मन पूर्ण करतं. दुसऱ्या महायुद्धात १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्ष जर्मन नुकसान सुमारे ६० निघालं. तरीही त्या दिवशीची लढाई ब्रिटिशांनी जिंकलीच होती. आकडा दुरुस्त केल्याने शौर्य उणं होत नाही, हे तुमच्या निर्मात्याला पटवायचं असेल तर हे उदाहरण द्या.

कोणत्या कागदाला किती वजन द्यायचं, हे पुण्यात वाढलेल्या माणसाला नव्याने शिकवायला नको. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं तेव्हापासून आपल्याकडे बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक पक्का आहे. बखर नंतर, कोणाच्या तरी गौरवासाठी लिहिलेली; पत्र त्या दिवसाचं, कामापुरतं. इथेही तसंच. वैमानिकाने उतरल्यावर लिहिलेला लढाईचा अहवाल आणि स्क्वाड्रनची रोजनोंद ही पत्रं. निवृत्तीनंतरच्या आठवणी, वर्तमानपत्री लेख आणि आधीचे माहितीपट ही बखर. गौरवपत्र या दोहोंच्या मध्ये: अधिकृत, पण स्तुतीसाठी लिहिलेलं. अस्सल पत्रही चुकीचं असू शकतं, कारण लिहिणाऱ्याने जेवढं पाहिलं तेवढंच त्यात येतं. फक्त ते नंतरच्या दंतकथेने रंगलेलं नसतं.

रॉय यांच्यासाठी लंडनजवळच्या क्यू इथलं राष्ट्रीय अभिलेखागार हे मूळ ठिकाण. 'एआयआर १' या मालिकेत पहिल्या महायुद्धातले स्क्वाड्रनचे कागद आणि लढाईचे अहवाल आहेत, 'एआयआर ७६' मध्ये अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी. सगळे अहवाल टिकलेले नाहीत, तेव्हा दहाही मिळतील असं गृहीत धरून वेळापत्रक आखू नका.

मग एक वही करा. साधी एक्सेल शीट चालेल. प्रत्येक दाव्याला एक ओळ, म्हणजे रॉय यांच्या दहा ओळी. तारीख, दोन्ही बाजूंची वेळ, ठिकाण, दोन्ही विमानांचे प्रकार आणि क्रमांक, दाव्याचा प्रकार, कोणाबरोबर वाटून, मूळ कागद कोणता, शत्रूची जुळणी, आणि शेवटच्या रकान्यात निवेदनात जाणारं नेमकं वाक्य. हा शेवटचा रकाना बरेच जण टाळतात आणि तिथेच फसतात. संशोधकाने 'संभाव्य' लिहिलेलं असतं, संहितेत त्याचं 'बहुधा' होतं, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी वाक्य लांब होतं म्हणून ते 'बहुधा'सुद्धा गळतं. वाक्य वहीत बांधलेलं असेल तर ते सहज बदलता येत नाही.

मराठीत यासाठी तीन क्रियापदं पुरतात, फक्त ती काटेकोर वापरा. दोन्ही बाजूंचे कागद जुळले तरच 'पाडलं'. आपल्या बाजूने अधिकृत मान्यता दिली असेल तर 'पाडल्याचं श्रेय मिळालं'. नुसता अहवाल असेल तर 'पाडल्याची नोंद केली' किंवा 'पाडल्याचा दावा केला'. 'दावा' या शब्दाला मराठीत संशयाचा वास आहे, म्हणून दिवंगत सैनिकाबद्दल मी सहसा 'नोंद केली' वापरतो. अर्थ तोच राहतो आणि घरच्यांना टोचत नाही.

हुद्दा आणि दल यांतही हमखास चुका होतात. रॉय मृत्यूच्या वेळी रॉयल एअर फोर्सच्या ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते. ते दल १ एप्रिल १९१८ ला स्थापन झालं, त्याआधीचं रॉयल फ्लाइंग कोअर. हवाई दलाचे स्वतःचे हुद्दे ऑगस्ट १९१९ मध्ये आले, त्यामुळे ते 'लेफ्टनंट रॉय'. 'फ्लाइंग ऑफिसर' ही नंतरची चिकटवलेली पाटी. 'भारतीय हवाई दलाचे वीर' तर लिहूच नका, आपलं दल ८ ऑक्टोबर १९३२ चं. जन्म २ डिसेंबर १८९८, मृत्यू २२ जुलै १९१८, म्हणजे वय १९. 'एस' ही पदवी नव्हती. पाच किंवा अधिक विजय असलेल्यांसाठी फ्रेंच वर्तमानपत्रांतून रुळलेला तो शब्द. ब्रिटिशांनी तो अधिकृतपणे स्वीकारला नाही. त्यामुळे 'एस हा किताब बहाल झाला' हे वाक्य चूक.

आता दृश्यांकडे. दुसरी दृश्यं चालतील, पण दोन अटींवर: विमानाचा प्रकार तोच हवा, आणि पडद्यावर 'प्रातिनिधिक दृश्य' असं लिहायला हवं. रॉय एसई५ए हे ब्रिटिश लढाऊ विमान उडवत. चौकोनी रेडिएटरचं बोथट नाक, दोन्ही अंगांना मागे जाणाऱ्या लांब धुरनळ्या, नाकाच्या डाव्या बाजूला एक व्हिकर्स मशिनगन आणि वरच्या पंखावर एक लुईस. जुन्या दृश्यांच्या संग्रहातून हमखास हाती येतं ते सॉपविथ कॅमल हे दुसरं ब्रिटिश लढाऊ विमान: गोल नाक, पुढे कुबड, दोन्ही व्हिकर्स शेजारी शेजारी. नाकाकडे बघितलं की फरक लगेच कळतो.

आवाजाचं तर फार दुर्लक्ष होतं. कॅमलचं इंजिन रोटरी, म्हणजे सिलिंडरांसकट गरगर फिरणारं. उतरताना प्रज्वलन तोडून जोडून वेग सांभाळतात, त्यामुळे आवाज तुटक येतो. एसई५ए ला पाण्याने थंड होणारं आठ सिलिंडरांचं व्ही इंजिन, त्याचा आवाज सलग. जर्मनांच्या फोकर डी ७ ला सहा सिलिंडर एका रांगेत. या दोघांच्या झुंजीवर रोटरीचा आवाज चढवणं म्हणजे बुलेटवर स्कूटरचा आवाज लावण्यासारखं आहे. अस्सल, अजून उडणारं एसई५ए इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डनच्या शटलवर्थ संग्रहात आहे, क्रमांक एफ९०४. पैसे एकाच गोष्टीवर घालता येणार असतील तर त्याच्या ध्वनीच्या आणि उड्डाणदृश्यांच्या परवानगीवर घाला.

अॅनिमेशन करणार असाल तर गोळ्या मोजा. लुईसच्या ड्रममध्ये ९७ गोळ्या, सलग दाबलं तर दहाएक सेकंदांत संपतात. मग वैमानिक ती मशिनगन रुळावरून खाली ओढून ड्रम बदलतो. व्हिकर्सच्या पट्ट्यात ४००. अर्धा मिनिट अखंड गोळीबार दाखवलात तर जाणकार तिथेच उठून जातो. आणि रॉय यांच्या पाठीवर हवाई छत्री नको. १९१८ च्या उन्हाळ्यात काही जर्मन वैमानिकांना ती मिळू लागली होती, ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना नाही.

जुन्या चित्रफितींचा वेग तपासा. त्या साधारण १६ ते १८ चौकटी प्रतिसेकंद घेतलेल्या असतात. संपादनात २५ चौकटींच्या टाइमलाइनवर तशाच टाकल्या की माणसं तुरुतुरु पळतात. १६ ची असेल तर वेग ६४ टक्के ठेवा, १८ ची असेल तर ७२. अंदाज बांधताना प्रॉपेलर बघू नका, मैदानावर चालणारी माणसं बघा. रंग भरायचे असतील तर आणखी एक खाचखळगा आहे. त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती, त्यामुळे लाल काळपट दिसतो आणि निळा फिकट. ब्रिटिश विमानांवरच्या वर्तुळचिन्हातलं गडद ते निळं समजून रंगवलं तर लाल-निळा उलटा होतो. बाहेरचं वर्तुळ निळं, मधलं पांढरं, केंद्र लाल, एवढं संगणकावरच्या माणसाला लिहून द्या.

लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय जवळ आहे म्हणून सगळं तिथेच मिळेल असं समजू नका. पश्चिम आघाडीच्या दृश्यांसाठी लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडेच जावं लागेल. १९६५ आणि १९७१ ची सरकारी वृत्तचित्रं मात्र फिल्म्स डिव्हिजनची. ती संस्था आणि आपलं संग्रहालय दोन्ही २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात आहेत, तेव्हा पत्रव्यवहार त्या नावाने करा.

इथवर रॉय. शेवटच्या दहा मिनिटांत हीच फूटपट्टी दोन्ही बाजूंना लावणं हे सगळ्यात अवघड काम, कारण प्रेक्षक आपले आणि जखमही आपली.

दोन उदाहरणं शेजारी ठेवा. ७ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावरच्या हल्ल्यातून स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या यांचं मिस्टेअर विमान परतलं नाही. आपल्या नोंदीत एवढंच. त्यांनी पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं होतं, हे १९७९ मध्ये पाकिस्तानी बाजूची माहिती छापली गेल्यावर उलगडत गेलं, आणि महावीर चक्र मिळालं १९८८ मध्ये. शत्रूचे कागद बघितले म्हणून आपल्या माणसाला न्याय मिळाला. आता पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरचं बोयरा, २२ नोव्हेंबर १९७१: आपल्या २२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची नॅट विमानं, मॅसी, गणपती आणि लाझारस या वैमानिकांच्या तोफा, आणि तेव्हाचं वृत्त तीन पाकिस्तानी सेबर विमानं पाडल्याचं. दोन पडली, दोन वैमानिक कैद झाले. तिसरं सेबर जखमी अवस्थेत ढाक्याला पोचल्याचं पाकिस्तानी बाजू सांगते. तेव्हा 'दोन पाडली, तिसऱ्यावर मारा केला' म्हणा. युद्ध औपचारिकपणे ३ डिसेंबरला सुरू झालं, म्हणून 'युद्धाच्या पहिल्या दिवशी' हेही नको.

याच फूटपट्टीवर मग पाकिस्तानच्या महंमद महमूद आलम यांचा दावा मांडता येतो: ७ सप्टेंबर १९६५, सरगोधा, मिनिटाच्या आत पाच भारतीय हंटर विमानं. पाकिस्तानी हवाई दल ते श्रेय देतं. भारतीय नुकसानीच्या नोंदींशी पाचांचा मेळ बसत नाही. ही दोन वाक्यं लागोपाठ, एकाच सुरात वाचायला लावा. निवेदकाने दुसऱ्या वाक्यावर आवाज चढवला की आधीच्या तीस मिनिटांत कमावलेला विश्वास जातो.

भारतीय कागदांसाठी राजपत्रातली गौरवपत्रं आणि संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने तयार केलेले दोन्ही युद्धांचे इतिहास आधी वाचा. स्क्वाड्रनच्या रोजनोंदीला आपल्याकडेही 'फॉर्म ५४०' म्हणतात. माहिती अधिकारात मागताना 'सर्व कागदपत्रे' असं मोघम लिहू नका. स्क्वाड्रनचा क्रमांक, दोन किंवा तीन तारखा आणि 'फॉर्म ५४० ची पाने' एवढंच मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. २० वर्षांहून जुन्या घटनांसाठी कलम ८(३) चा आधार द्या. सुरक्षेची सबब त्यानंतरही उरते, म्हणून नकार गृहीत धरून अपिलाचा महिना वेळापत्रकात ठेवा.

विमानं इथेही गल्लत करतात. चौकात उभं केलेलं छोटं विमान नॅटच असेल असं नाही, ते त्याचीच सुधारित आवृत्ती असलेलं अजित असू शकतं. पंखांखाली शस्त्रं टांगायचे चार खुंट असतील तर अजित, आणि ते १९७१ नंतरचं. १९७१ मधलं मिग-२१ हे 'एफएल' प्रकारचं, त्याची पाठ सडपातळ. जाड पाठीचा 'बिस' हा प्रकार नंतर आला. कोरियन युद्धातल्या अमेरिकी सेबरच्या दृश्यांवर तारा दिसतो, तो कापून 'पाकिस्तानी सेबर' म्हणून खपवू नका.

पुण्यात निवृत्त हवाई दल अधिकारी बरेच राहतात, ही तुमची मोठी जमेची बाजू. मुलाखतीचा क्रम मात्र पाळा. पहिल्या बैठकीत काहीही न दाखवता त्यांना बोलू द्या, शक्यतो हातात दोन छोटी मॉडेलं देऊन. वैमानिक हातांनी जास्त अचूक सांगतात. मग लॉगबुक मागा, कारण त्यात तारीख, विमानाचा क्रमांक आणि उड्डाणाचा वेळ असतो. त्यानंतर, पंधरा दिवसांनी, विसंगती घेऊन परत जा आणि 'सर, तुमचं चुकलं' असं न म्हणता 'लॉगबुकात असं दिसतंय, ते कसं लावायचं?' असं विचारा. बऱ्याचदा दोन वेगळी उड्डाणं आठवणीत एक झालेली असतात, आणि ती सुटी झाली की तेच स्वतःहून नवं काही सांगतात.

एक शेवटची गोष्ट राहिली. फ्रान्समधल्या एस्तेव्हेल इथली रॉय यांची कबर तुम्ही दाखवणारच. तिच्यावर बंगालीत ओळ कोरलेली आहे. तिचं इंग्रजी भाषांतर सगळीकडे सापडतं, त्यावरून मराठी करू नका. दगडाचा स्वच्छ फोटो मिळवा, बंगाली वाचणाऱ्याकडून अक्षर न् अक्षर वाचून घ्या, आणि निवेदनात आधी बंगाली ऐकू येऊ द्या, मग मराठी.